हिरवे राखून घडवायचा ज्युनिपर

ज्युनिपर हे थंड, वादळी आणि खडकाळ डोंगरांवर वाढणारे सदाहरित झाड आहे. सायप्रस कुळातल्या या प्रजातीत पन्नासहून अधिक जाती असून त्या मुख्यतः उत्तर गोलार्धात आढळतात. महाराष्ट्रात घरांच्या फाटकाशी लावली जाणारी मोरपंखी याच कुळातली. आयुर्वेदात हपुषा म्हणून ओळखले जाणारे आणि काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर या नावाने मिळणारे निळसर-काळे दाणे ज्युनिपरच्याच एका जातीचे आहेत. ते फळांसारखे दिसतात, पण प्रत्यक्षात मांसल झालेले शंकू असतात. लडाखात ज्युनिपरला शुकपा म्हणतात आणि त्याची वाळलेली पाने धूप म्हणून जाळतात. शिसपेन्सिलींसाठी एके काळी वापरले जाणारे सुवासिक तांबूस लाकूडही अमेरिकेतल्या एका ज्युनिपरचेच.

बोन्सायमध्ये या झाडाला मोठा मान आहे. जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे आणि ‘साय’ म्हणजे लागवड. मराठीत या कलेला वामनवृक्ष हा सुरेख शब्द रूढ आहे. शिकोकू बेटावरचा इशिझुची पर्वत आणि निगाता प्रांतातले इतोइगावाचे कडे ही ‘शिम्पाकू’ ज्युनिपरची प्रसिद्ध ठिकाणे. विसाव्या शतकात दोरांना लोंबकळून कड्यांवरची जुनी झाडे काढणारे लोक तिथे होते. बर्फ, वारा आणि दरडी यांनी अर्धे मेलेले, अर्धे जिवंत असे ते पिळवटलेले खोड पुढे साऱ्या ज्युनिपर बोन्सायचा नमुना ठरले. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय व्यावसायिक ओमिया येथे स्थलांतरित झाले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचे गावच वसले. अमेरिकेत जॉन नाका यांनी अकरा नातवंडांसाठी अकरा ज्युनिपरांचे ‘गोशिन’ हे वामनवन उभे केले. १९८४ पासून ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या संग्रहात आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे ही या कलेची मुख्य केंद्रे. पुण्यात २०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने ‘बोन्साय नमस्ते’ ही आंतरराष्ट्रीय परिषद आणि प्रदर्शन भरले होते.

मराठवाड्याच्या मातीत ज्युनिपर आपसूक उगवत नाही. तरीही रोपवाटिकांतून मिळणाऱ्या चिनी ज्युनिपरच्या काही वाणांमध्ये आणि जमिनीसरपट पसरणाऱ्या जातींमध्ये उष्णता सोसण्याची ताकद असते. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात हे झाड कुंडीत वाढवायचे तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात : झाडाचा स्वभाव ओळखून केलेली छाटणी आणि तिथल्या उन्हाळ्याशी घातलेला मेळ.

झाडाचा जीव कुठे असतो

जालना जिल्हा छाटणी जाणणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे. कडवंची परिसरातले द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतात. काडीवर एक-दोन डोळे ठेवून बाकीचे सारे कापले तरी वेल नव्याने फुटतो, कारण त्याचा साठा जुन्या लाकडात आणि मुळांत असतो. मोसंबीवाले सल काढतात, पानसोट छाटतात आणि बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीमागे ही पिढ्यांची जाण आहे.

ज्युनिपरला हे नियम जसेच्या तसे लावले तर झाड जाते. त्याच्या जुन्या, पाने नसलेल्या लाकडावर सहसा डोळा फुटत नाही. फांदी हिरव्याच्या आत, उघड्या तपकिरी भागावर कापली तर उरलेला तुकडा वाळून जातो. ज्युनिपरची बरीचशी शक्ती पानोऱ्यातच साठलेली असते. पाने हेच त्याचे कारखाने आणि हेच त्याचे कोठार. पानोरा कमी झाला की नवी मुळे फुटणे मंदावते, मुळे मंदावली की पाणी कमी चढते आणि झाड खंगत जाते. म्हणून या झाडाच्या छाटणीचा पहिला नियम एका ओळीत सांगता येतो : ज्या फांदीला जगवायचे आहे, तिच्यावर हिरवे शिल्लक राहिलेच पाहिजे.

स्वभावातली आणखी दोन वैशिष्ट्ये माहीत असावी लागतात. पहिले पानांचे. कोवळ्या वयात ज्युनिपरला टोचणारी सुईसारखी पाने असतात. वय वाढले की बऱ्याच जातींत ती बारीक खवल्यांसारखी होऊन डहाळीला चिकटून बसतात. खवलेपाने आलेल्या झाडाची एकदम जबर छाटणी केली की ते घाबरून पुन्हा सुईपाने काढू लागते. हा शक्ती ढळल्याचा निरोप असतो. अशा वेळी झाडाला मोकळे वाढू द्यावे. खवलेपाने परतली की सुईपानांच्या डहाळ्या हळूहळू काढाव्यात. ज्या जाती आयुष्यभर सुईपानांच्याच असतात, त्यांना हे लक्षण लागू पडत नाही.

दुसरे वैशिष्ट्य रसवाहिन्यांचे. अनेक झाडांत एका बाजूचे मूळ तुटले तर दुसऱ्या बाजूची मुळे साऱ्या झाडाला सांभाळून घेतात. ज्युनिपरमध्ये ठरावीक मूळ ठरावीक फांदीला पोसते आणि त्या दोघांना जोडणारी जिवंत सालीची पट्टी खोडावरून जाते. मूळ मेले की त्याच्या रेषेतली फांदी वाळते. फांदी मेली की तिच्याखालची पट्टी हळूहळू मरते. जुन्या ज्युनिपरच्या खोडावर पांढरे लाकूड आणि तांबूस साल शेजारी शेजारी पिळत गेलेली दिसतात, ती यामुळेच.

आष्टीची हवा, माती आणि पाणी

ज्युनिपर घरात जगत नाही. दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलेले झाड काही आठवडे हिरवे दिसते आणि मग एकाएकी तपकिरी होते. त्याला उघडी हवा, वारा आणि रोजचे काही तास थेट ऊन लागते. जून ते फेब्रुवारी आष्टीत दिवसभराचे ऊन त्याला मानवते. मार्चअखेरपासून मात्र दुपारचे ऊन टाळावे लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीचा स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत धग ओकत राहतो. पानांपेक्षा मुळांना या धगीचा त्रास अधिक, कारण उथळ कुंडीतली माती काही तासांत तापते. कुंडी स्लॅबवर न ठेवता लाकडी बाकावर किंवा विटांच्या थरावर ठेवावी, सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी ५० टक्के शेडनेटची सावली पडेल अशी जागा निवडावी, बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे. मोठ्या पसरट भांड्यात ओली वाळू भरून त्यात कुंडी गळ्यापर्यंत बसवणे हा फार उपयोगी उपाय आहे. वाळू ओली राहिली की मुळे थंड राहतात.

मातीची निवड याहून महत्त्वाची. परतूर भागातली काळी माती कापसाला आणि तुरीला उत्तम. कुंडीतल्या ज्युनिपरला ती घातक. ओली झाली की ती फुगते, हवेची पोकळी बंद करते, आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. ज्युनिपरच्या मुळांना ओलावा आणि हवा दोन्ही एकाच वेळी हवे असतात. त्यासाठी खडेदार मिश्रण लागते. जपानात अकादामा ही भाजल्यासारखी कडक चिकणमाती, प्यूमिस आणि लाव्हा खडे वापरतात. त्यांची जागा मराठवाड्यात सहज मिळणाऱ्या वस्तू घेऊ शकतात : जुन्या भाजक्या विटांचे खडे, टणक मुरूम किंवा दगडी कच, आणि थोडे कोकोपीट किंवा पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत. दोन भाग वीट, दोन भाग मुरूम किंवा कच आणि एक भाग सेंद्रिय पदार्थ हे प्रमाण चालते. सगळे चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे खडे ठेवावेत आणि पीठ फेकून द्यावे. चाळणीखाली पडलेली भुकटी कुंडीत गेली तर तळाशी चिखल होऊन मुळे कुजतात.

पाण्याचा हिशेब बोटाने करायचा असतो. मातीत बोटाचे पहिले पेर खुपसून पाहावे. वरचा थर सुकलेला आणि खाली गारवा लागत असेल तर पाणी देण्याची वेळ झाली आहे. वरच ओल लागली तर थांबावे. द्यायचे तेव्हा तळाच्या छिद्रांतून वाहून जाईल इतके द्यावे. मोसंबीला बहारासाठी दिला जातो तसा ताण ज्युनिपरला कधीही देऊ नये. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल ओल शोधतात, कुंडीतल्या झाडाला तो आधार नसतो. २०१९ च्या जानेवारीत टोकियोजवळच्या सैतामा प्रांतातून सुमारे ४०० वर्षांचा शिम्पाकू चोरीस गेला, तेव्हा मालकिणीने चोरांना जाहीर विनंती केली ती पाणी देण्याची : ते झाड पाण्यावाचून आठवडाही काढणार नाही.

बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतील तर कुंडीच्या कडेवर आणि खोडाच्या बुंध्यावर पांढरी पूड जमते. क्षार वाढत गेले की मुळांना अन्नद्रव्ये घेणे जड जाते आणि पाने पिवळसर पडतात. यावरचा उपाय पावसाचे पाणी. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर शंभर चौरस फूट गच्चीवर सुमारे ६,५०० लिटर पाणी पडते. त्याचा लहानसा हिस्सा टाकीत साठवला तरी दोन-चार झाडांचा उन्हाळा निभावतो. महिन्यातून एकदा हे गोडे पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत.

वर्षाची आखणी

मोठी छाटणी, तार, खोड कोरणे आणि कुंडी बदलणे ही चार कामे झाडाला जखम करणारी आहेत. एका हंगामात एकच मोठी जखम, हा नियम पाळला तर बहुतेक ज्युनिपर वाचतात. मृगाचे पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कुंडी बदलावी. ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी आकाराचे मोठे काम करू नये. कुंडी न बदललेल्या झाडाची छाटणी किंवा तारकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीच्या गार दिवसांत करावे. तेव्हा ऊन सौम्य असते, बाष्पीभवन कमी होते आणि उन्हाळ्यापूर्वी सावरायला तीन-चार महिने मिळतात. मार्च ते मे हे महिने फक्त राखणीचे. त्या काळात कात्री बाजूला ठेवावी आणि खतही बंद ठेवावे.

खताला निंबोळी पेंड किंवा शेंगदाण्याची पेंड पुरेशी असते. मूठभर पेंड बादलीभर पाण्यात काही दिवस कुजवून, ते पाणी आणखी पातळ करून पावसाळा ओसरल्यावर आणि थंडीअखेर द्यावे. काम करण्यापूर्वीचे वर्षभर झाडाला खाऊ-पिऊ घालून मोकळे वाढू देणे ही उत्तम आकाराची खरी पूर्वतयारी आहे. टोकांना जोमदार, फिकट हिरवे नवे कोंब आले असतील तर झाड कात्रीला तयार आहे. टोके निस्तेज आणि वाढ थांबलेली असेल तर कितीही मोह झाला तरी ते वर्ष सोडून द्यावे.

छाटणी

छाटणीचा आरंभ साफसफाईने होतो. फांद्यांच्या आतल्या भागात उजेड न मिळाल्याने तपकिरी झालेली पाने चिमट्याने काढावीत. खोडावरची सैल साल जुन्या दातघासणीने अलगद घासावी. फांद्यांच्या बेचक्यांत उगवलेल्या दुबळ्या डहाळ्या आणि फांदीच्या खालच्या बाजूने लोंबणारी वाढ काढून टाकावी. एवढ्यानेच झाडाचा सांगाडा दिसू लागतो आणि आत उजेड पोचतो. हा उजेड फार मोलाचा. दाट पानोऱ्याच्या सावलीत आतल्या डहाळ्या मरत गेल्या की हिरवे फक्त टोकांना उरते, आणि मग फांदी आखूड करण्याची वाटच बंद होते, कारण मागे कापायला हिरवी जागा शिल्लक नसते.

नंतर जोमाचा समतोल. ज्युनिपर शेंड्याकडे आणि फांद्यांच्या टोकांकडे जोर लावतो. टोकाच्या कोंबात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक मागच्या डहाळ्यांना दबवून ठेवते. लांब निघालेला जोमदार कोंब कापला की हा दाब उठतो आणि मागच्या डहाळ्या जोर धरतात. म्हणून वरचा भाग अधिक विरळ करावा, खालच्या आणि आतल्या दुबळ्या फांद्यांना हात लावू नये.

एक कोंब कापण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदीचा पंखा धरावा. पंख्याच्या कडेबाहेर दोन-तीन बोटे पुढे गेलेला, इतरांपेक्षा फिकट आणि जाड असा कोंब शोधावा. त्याच्या बुडाकडे नजर न्यावी. जिथून तो फुटला तिथे शेजारी दुसरी लहान हिरवी डहाळी असते. अणकुचीदार कात्रीचे टोक पानोऱ्यात घालून, त्या बेचक्याच्या किंचित पुढे, फक्त देठ कापावा. काप लहान डहाळीखाली झाकला जातो आणि पुढची वाढ तीच उचलते. याउलट कुंपणाची मेंदी कापतात तशी वरून सरसकट कात्री फिरवली तर प्रत्येक खवलेपान मधोमध चिरले जाते आणि काही दिवसांत सारा पंखा तांबडा-तपकिरी दिसू लागतो. बोटांच्या नखांनी सगळीच कोवळी टोके खुडत राहण्याची जुनी पद्धतही झाडाला थकवते. वाढती टोके झाडाची ताकद खेचून आणतात. ती सगळी एकदम गेली तर मुळांची वाढही बसते.

किती कापावे, याचे साधे माप असे : एका वेळी एकूण हिरव्याच्या तिसऱ्या भागाहून अधिक काढू नये. अनुभवी कारागीर बलवान झाडाचे याहून अधिक काढतात, पण आष्टीच्या हवेत झाडाला पुढे उन्हाळा काढायचा असतो. थोडे जास्त राखलेले बरे. जाड फांदी काढायची असेल तर तिचा पानोरा दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावा. तोवर तिच्या खालच्या जिवंत पट्टीतला रस शेजारच्या फांद्यांकडे वळू लागतो. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी.

आकार आणि तार

आकार देण्याआधी झाड फिरवून चारही बाजूंनी पाहावे. बुंध्याशी मुळे कुठे पसरट दिसतात, खोडाचे वळण कुठून सर्वांत भरदार दिसते आणि शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकतो का, या तीन गोष्टींवरून दर्शनी बाजू ठरते. ज्युनिपरला सरळसोट ताठ रूपापेक्षा वळणदार, तिरकस किंवा कड्यावरून खाली झुलणारे रूप शोभते, कारण त्याच्या जंगली नातलगांचे जगणेच तसे असते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला फांद्या ठेवाव्यात, आतल्या अंगाच्या कमी कराव्यात. खालच्या फांद्या लांब आणि वरच्या आखूड राखल्या तर लहान झाडही जुने वाटते.

तार अॅल्युमिनियमची किंवा भाजून मऊ केलेल्या तांब्याची असते. नवशिक्यांना अॅल्युमिनियम सोपे. तांबे बारीक असूनही घट्ट धरते, पण वाकवताना चूक झाली तर फांदी दुखावते. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी असावी. शेजारच्या दोन फांद्या एकाच तारेने बांधल्या की तार मधल्या खोडावर भक्कम टेकते. वेढे सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या कोनात, सालीला टेकतील पण आवळणार नाहीत असे घ्यावेत आणि मध्ये पाने दाबली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून बोटांनी फांदीला आधार द्यावा आणि जोर हळूहळू वाढवावा. वेढा वळणाच्या बाहेरच्या अंगावरून गेलेला असला तर ताणलेली साल फाटत नाही. बारीक करकर आवाज आला की तिथेच थांबावे. उरलेले वळण काही आठवड्यांनी द्यावे. जाड फांदीला आधी ओल्या तागाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या तर साल आणि लाकूड एकमेकांना धरून राहतात. वाकवायच्या आदल्या दिवशी पाणी थोडे कमी दिले तर फांदी अधिक लवचीक असते.

फांदी वाकल्यावर तिच्या डहाळ्या पंख्यासारख्या आडव्या पसरवाव्यात : खालची कड सपाट, वरची कड हलकी घुमटाकार, टोके किंचित वर. दोन पंख्यांमध्ये मोकळी जागा राहिली की उजेड खालच्या फांदीपर्यंत उतरतो. बोन्सायची ही डौलदार मांडणी झाडाच्या प्रकृतीलाही मानवते.

तार किती दिवस ठेवायची हे पंचांगावर ठरत नाही. बारीक फांद्या काही महिन्यांत बसतात, जाड फांद्यांना वर्ष-दीड वर्ष लागते. पावसाळ्यात वाढ जोरात असते तेव्हा दर पंधरा दिवसांनी तार पाहावी. ती सालीत रुतू लागली की लगेच काढावी, हव्या त्या स्थितीत फांदी बसली नसेल तर नव्या जागी पुन्हा गुंडाळावी. काढताना तार उलगडू नये. कटरने वेढ्या-वेढ्याला कापून तुकडे सोडवावेत, म्हणजे फांदीला पीळ बसत नाही.

काम झाल्यावर झाडाला तीन-चार आठवडे वाऱ्यापासून आडोसा आणि अर्धी सावली द्यावी. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारावे, पण मातीत पाणी साचू देऊ नये. नवे कोंब दिसेपर्यंत खत देऊ नये.

मेलेल्या लाकडाचे सौंदर्य

मोसंबीच्या बागेत सल दिसला की तो काढून टाकायचा असतो, कारण त्यातून बुरशी पसरते. ज्युनिपरच्या बोन्सायमध्ये वाळलेले लाकूड मुद्दाम राखले जाते. वाळलेल्या फांदीला ‘जिन’ आणि खोडावरच्या साल गेलेल्या पट्टीला ‘शारी’ म्हणतात. ज्युनिपरचे लाकूड तेलयुक्त आणि टिकाऊ असल्यामुळे हे शक्य होते. १९४० मध्ये जन्मलेले ओमियाचे मासाहिको किमुरा यांनी यंत्रांच्या मदतीने हे लाकूड कोरण्याची कला विलक्षण उंचीवर नेली.

नको असलेली फांदी पूर्ण न कापता तिचा खुंट राखला तर जिन तयार होतो. खुंटाच्या बुडाशी धारदार चाकूने डोळ्याच्या आकाराची खाच घ्यावी, पक्कडने साल दाबून सैल करावी आणि सोलून काढावी. टोक कापून सपाट करण्याऐवजी पक्कडने धरून लाकडाचे तंतू मागे ओढावेत. वाऱ्याने मोडल्यासारखे नैसर्गिक टोक येते. शारी करताना आधी खडूने रेघ आखावी. पट्टी प्रथम अरुंद ठेवावी आणि दर वर्षी थोडी थोडी रुंद करावी. ज्या फांद्या ठेवायच्या आहेत त्यांच्या थेट खालून मुळांकडे जाणारी साल कधीही छेदू नये. ती पट्टी तुटली की वरची फांदी गेली.

लाकूड वाळल्यावर ते किंचित ओले करून त्यावर चुना-गंधकाचे द्रावण, म्हणजे लाइम सल्फर, बारीक कुंचल्याने लावतात. ते आधी पिवळे दिसते, उन्हात वाळल्यावर पांढरे होते आणि बुरशीला अटकाव करते. मातीवर प्लास्टिक पसरून ठेवावे, म्हणजे द्रावण मुळांपर्यंत जात नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा असा हात फिरवला तर लाकूड वर्षानुवर्षे टिकते.

कुंडी बदलणे

तरुण झाडाची कुंडी दर दोन-तीन वर्षांनी आणि जुन्याची चार-पाच वर्षांनी बदलावी. पाणी मातीवर साचू लागले किंवा झाड कुंडीतून वर उचलले गेले की वेळ झाली असे समजावे. ज्युनिपरची मुळे धुऊन पूर्ण उघडी करू नयेत. त्यांच्याभोवती मुळांना मदत करणारी बुरशी असते. जुन्या मातीचा काही भाग राखला की ती नव्या मातीत पोचते. एका वेळी मुळांच्या तिसऱ्या भागाहून अधिक कापू नये. कुंडीच्या छिद्रांवर जाळी बसवावी, झाड तारेने कुंडीला घट्ट बांधावे आणि खडे मुळांच्या पोकळ्यांत काठीने हळूहळू बसवावेत. हलणाऱ्या झाडाची नवी मुळे पुन्हा पुन्हा तुटतात.

रोग, कीड आणि उशिरा दिसणारी लक्षणे

कोरड्या उन्हाळ्यात ज्युनिपरचा मोठा शत्रू लाल कोळी. पाने निस्तेज, धुरकट पडू लागली की पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर दोन टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबडी रेघ उमटली तर कोळी आहे. दर दोन-तीन दिवसांनी पानांवर, विशेषतः आतून, पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने त्याची संख्या खूप घटते. गरजेप्रमाणे निंबोळी तेल वापरावे. गंधकाची फवारणी भर उन्हाळ्यात टाळावी. तापलेल्या हवेत ती पाने भाजते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड थोडी असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढता येतात.

पावसाळ्यात धोका उलटा असतो. मोसंबीत डिंक्या आणि मूळकूज आणणारा फायटोप्थोरा हा सूक्ष्म रोगकारी जीव ज्युनिपरची मुळेही कुजवतो. पाण्याचा निचरा हाच त्याच्यावरचा खरा उपाय. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवू नये आणि झड लागली तर कुंडी एका बाजूने किंचित कलती करावी. टोके तपकिरी होऊन मागे वाळत येणे हे बुरशीजन्य टोकजळीचे लक्षण असू शकते. असा भाग कोरड्या दिवशी निरोगी हिरव्यापर्यंत कापून नष्ट करावा.

सर्वांत फसवी गोष्ट अशी, की ज्युनिपर मेल्याचे लवकर कळू देत नाही. मुळे वाळली किंवा कुजली तरी पानोरा काही आठवडे हिरवाच राहतो. पाने तपकिरी होतात तेव्हा घटना बरीच जुनी झालेली असते, आणि त्या वेळी घाईघाईने ओतलेले पाणी किंवा खत कामाला येत नाही. म्हणून रंगापेक्षा स्पर्शावर भर द्यावा. निरोगी पानोरा मऊ, लवचीक आणि थंड लागतो. खंगणाऱ्या झाडाचा कोरडा आणि चुरचुरीत लागतो. शंका आली तर बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी : आत ओलसर हिरवे असेल तर जीव आहे. अशा वेळी झाडाला सावली, योग्य ओल आणि शांतता द्यावी. आजारी झाडाची कुंडी बदलणे किंवा त्याला खत घालणे म्हणजे आणखी एक जखम.

बोन्सायचे काम यशस्वी झाले की नाही, हे तार घातल्याच्या दिवशी ठरत नाही. थंडीत घडवलेले झाड आष्टीचा मे महिना काढून, पहिल्या पावसानंतर प्रत्येक राखलेल्या फांदीच्या टोकाला फिकट हिरवे कोंब दाखवते, तेव्हा ते काम पुरे होते. त्यानंतरच पुढच्या छाटणीचा विचार करावा.